मामांनी लावलेला फ्लेक्स

मी शिकलो तो माझ्या मामांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावातून दहावी झालो आणि मामांनी मला उचलून नाशिकला आणलं. शहराच्या कडेला त्यांची झेंडूची शेती. पहाटे फूलबाजार गाठायचा, परत येताना मला कॉलेजच्या फाटकाशी सोडायचं, असं त्यांनी मी पदवीधर होईपर्यंत केलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल बरंच चिडून लिहिणार आहे.

मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने मला वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून नेपाळला पाठवायचं ठरवलं. तोवर मी दिंडोरी रस्त्यावर, द्राक्षबागांच्या कामाला आलेल्या मजुरांच्या पोरांचा वर्ग घ्यायचो. निघायच्या तयारीत पोलिसांचा दाखला, लशी हे तर होतंच. पण संस्थेचा खरा जोर प्रशिक्षणावर होता. आणि प्रशिक्षणात एकच गोष्ट घोटून घोटून सांगितली जायची: मुलाचा चेहरा ओळखू येईल असा फोटो, त्याला आणि त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय, कुठेही लावायचा नाही.

मी हे वहीत उतरवून घेत होतो त्याच आठवड्यात दिंडोरी नाक्याजवळ मामांनी माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला.

वर साहेब, म्हणजे भागातले पुढारी, हात जोडून. मध्ये मी. माझ्या मागे विमान आणि हातात मशाल घेतलेला अमेरिकेतला पुतळा. मी चाललो होतो नेपाळला. आणि खाली, एका ओळीत, माझ्या वर्गातल्या पोरांचे हसरे चेहरे. त्यांच्या शेजारी ‘शुभेच्छुक’ म्हणून मामा. वर्गाच्या निरोपाला मामा फुलांची पाटी घेऊन आले होते. मी पोरांना ओळीत बसवत असताना त्यांनी मोबाइलवर एकेकाचा फोटो काढून घेतला होता, हे मला फ्लेक्स बघून कळलं.

“मामा, यातल्या एकाच्या तरी आईबापाला विचारलंत का?”

“त्यात काय विचारायचं? लोक मागं लागतात, माझाबी टाका म्हणून.”

“संस्थेचा नियम आहे. उतरवा तो.”

“निघायच्या आधी उतरवायचा? अपशकुन करतो का रे? आन वर साहेब हायेत. त्यांना काय वाटंल?”

मामी आतून म्हणाल्या, “आमच्या लग्नात नाय लावला एवढा मोठा फोटो.”

“तू नेपाळला चालली का?” मामा ओरडले. विषय तिथेच संपला.

मी स्वतः खांबावर चढायला गेलो, तर पानटपरीवाल्याने खालूनच मामांना फोन लावला. “भाचेबुवांचं डोकं फिरलंय, साहेबांना हात घालायला निघालेत.” मी खाली उतरलो. संताप असा आला होता की चप्पल घालायचं विसरून अर्ध्या रस्त्यापर्यंत गेलो.

संस्थेत आमची तयारी बघणाऱ्या ताईंना मीच सगळं सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “तुम्ही लावला नाही, हे मला कळतं. पण तो तिथे असेपर्यंत तुमचं नाव पुढे पाठवता येणार नाही.” मामांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “मग त्या ताईलाच बोलव इथं. जेवू घालतो, फ्लेक्स दाखवतो. खूश होईल बाई.”

मला नियमापेक्षा एका गोष्टीची धास्ती जास्त होती. फ्लेक्सवर कडेला दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती. तिची आई मारकुट्या नवऱ्याला न सांगता सुरगाण्याकडून लेकीला घेऊन निघून आली होती. हे तिने मला विश्वासाने सांगितलं होतं. ते मामांना सांगणं, म्हणजे फूलबाजाराला सांगणं. म्हणून मी नियम नियम करत राहिलो, आणि मामांना वाटलं, पोरगं शिकून कागदी झालं.

त्या नाक्यावर सकाळी मजूर उभे राहतात. सुरगाणा, पेठ, सगळीकडचे. मामा फुलं तोडायला तिथूनच बाया नेतात, आणि त्या मुलीची आई त्यांच्याकडे नेहमीची. ती यायची बंद झाली. मामांनी गाडीतूनच बाकीच्यांना विचारलं, “ती कुठं गेली?” एकीने वर बोट केलं. “तिची पोर टांगली ना तुम्ही. नवरा बघंल म्हणून खोलीतून भायेर निघत नाय ती.”

पुढचं मला पानटपरीवाल्याकडून कळलं. मामा खाली उतरले. गाडीतला विळा घेतला, खांबावर चढले आणि खालची पट्टी कापून काढली. पोरांबरोबर ते स्वतःही कापले गेले. साहेब, मी आणि मशालवाला पुतळा तेवढे वर राहिलो.

माझं नाव पुढे गेलं. मामांनी मात्र माझा फोन घेणं बंद केलं. घरी गेलो की ते मळ्यात, मळ्यात गेलो की बाजारात. शेवटी चिठ्ठी लिहिली आणि मामींच्या हाती दिली.

“मामा,

फोन उचलत नाही म्हणून लिहितोय. मी अजून चिडलेलो आहे. तुम्हीही चिडा, पण घरी राहून चिडा.

त्या पोरीच्या आईंना परत कामाला बोलवा. त्यांना नाक्यावर उभं राहायला लावू नका. मामींना सोबत घेऊन खोलीवर जा आणि तिथूनच गाडीत घ्या. त्या आल्या नाहीत तर आग्रह करू नका. त्यांच्याकडे अजून तरी कोणी आलेलं नाही. कोणी चौकशी करत आलं, तर तुम्हाला काही माहीत नाही. एवढं एक गुपित तुमच्या पोटात राहू द्या. पोरीच्या शाळेचं मी तिथल्या गुरुजींशी बोललोय, तुम्ही मध्ये पडू नका.

रविवारी निघतोय. तुम्ही स्टेशनवर आला नाहीत तर मी गाडीत चढणार नाही, आणि मग त्या फ्लेक्सचं काय करायचं ते तुम्ही आणि साहेब बघा. हार आणा. बँड नको. मोबाइल मामींकडे द्या.

कॉलेजच्या फाटकाशी सोडायचात तसं सोडायला या.

तुमचा भाचा”