मास्तरांच्या जिभेवरची घोडी

मास्तरांचा डावा पाय कामातून गेला त्याला आठ वर्षं झाली. घोड्यावरून एकदाच पडले, पण खुब्याचं हाड घेऊन पडले. दोन ऑपरेशनं झाली आणि पाय उरला तो नुसता लोंबायला. दुसरा कुणी असता तर घोडेस्वारीच्या शाळेतली नोकरी सोडून घरी बसला असता. मास्तर घरी बसणाऱ्यातले नव्हते आणि कबूल करणाऱ्यातले तर त्याहून नव्हते. "पाय झकास आहे," म्हणायचे आणि चढताना स्टूल घ्यायचे. विचारलंच कुणी, तर घोड्याच्या पाठीला हिसका बसू नये म्हणून! घ्या.

अशा माणसाच्या पदरात भिंगरी पडली. तांबूस रंगाची, चार वर्षांची घोडी. अंगात रग इतकी, की वाऱ्यानं कागद उडाला तरी चार पावलं आडवी जायची. आधीच्या मालकाकडे दोन स्वारांना तिनं जमीन दाखवली होती. शाळेच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, बोलायला रोखठोक. "मास्तर, हिला शेवटची संधी. नाही जमलं तर मी ठेवणार नाही."

"माझ्यावर सोडा," मास्तर म्हणाले. "फक्त मधे कुणी लुडबुडायचं नाही."

तीन वर्षं कुणी लुडबुडलं नाही. सकाळी वाळूच्या रिंगणात ड्रेसाज. म्हणजे घोड्याला शिस्तीनं चालवायचं, वळवायचं, तिरक्या पावलांनी न्यायचं, दुडक्या चालीतून एका पावलात दौडीला घालायचं आणि हे सगळं असं, की बघणाऱ्याला वाटावं स्वार नुसता बसलाय. हुकूम द्यायचा तो मांडीनं, टाचेनं, लगामावरच्या बोटांनी. तोंडातून आवाज काढायला परीक्षेत सक्त बंदी. रिंगणात घोडीचं डोकं तापलं, की लगाम सैल सोडून तिला झाडीतल्या पायवाटेनं फिरवून आणायचं, ओढ्याकाठानं, मग जुन्या दगडखाणीच्या उतारानं खाली.

आता सांगा, डावी टाच लागतच नाही तर हुकूम पोचणार कसा? मास्तरांनी पहिल्याच महिन्यात टाळूला जीभ लावून हलकेच 'टॉक्' केलं. एक टॉक् म्हणजे चल पुढे, दोन म्हणजे सावकाश. इतकं बारीक, की घोडीच्या कानाशिवाय कुणाला कळू नये. भिंगरी हुशार, आठवड्यात शिकली. मास्तर मनाशी म्हणाले, आत्तापुरतं चालू दे, मग आणू पायावर.

ते 'मग' काही उगवलं नाही. घोडी अशी चालायला लागली, की शिकायला येणारे आपली घोडी सोडून कुंपणाला टेकून उभे राहायचे. काय मांड आहे मास्तरांची! मास्तर मान खाली घालून हसायचे. त्या कौतुकाची त्यांना चटक लागली, झाकून काय ठेवायचं? तिच्यावर बसलं, की त्यांचा पाय धड होता.

यंदा डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि खोगीर कायमचं बंद केलं. आता पडलात तर उभे राहणार नाही, म्हणाले. मग मॅडमनी ठरवलं. भिंगरीनं दुसऱ्या कुणाखाली ड्रेसाजची परीक्षा दिली तर ती शाळेत राहील आणि पायवाटेवरच्या सहलींना जाईल. नाहीतर तिची रवानगी.

बसायचं कुणी? चिंगीनं. ही मास्तरांच्या बहिणीची मुलगी, बावीस वर्षांची, मामाकडेच वाढलेली, आता याच शाळेत लहान मुलांना शिकवणारी. हात हलका, मांड पक्की. तरी पंधरा दिवस भिंगरी तिच्याखाली धड चालेना. टाच लावली, की कान मागे टाकून उभी, जणू म्हणतेय, पुढे काय ते बोला ना!

"मामा, माझं काय चुकतंय रे?" चिंगी रडकुंडीला यायची.

"खांदे सैल सोड," मास्तर म्हणायचे. पोटच्या पोरीसारख्या पोरीशी धडधडीत खोटं बोलायचे आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. लाज वाटायची त्यांना, खूप वाटायची. पण सांगितलं तर घोडी जाणार, आणि घोडीबरोबर तीन वर्षांची ती मांडही जाणार.

परीक्षेच्या दिवशी भिंगरी पहिल्याच कोपऱ्यात अडली. शेपटी फटकारू लागली. परीक्षकाचं पेन कागदावर टेकलं. मास्तर कुंपणाशी उभे होते. त्यांनी मुद्दाम केलं का? पहिलं टॉक् निसटलं, असं आपण म्हणू. पुढची अकरा मुद्दाम.

घोडी लोण्यासारखी फिरली. परीक्षक उठून उभा राहिला. चिंगी उतरली ती धावत मामाच्या गळ्यात. "मामा, जमलं मला! खांदेच चुकत होते रे!"

मॅडमही खूश. "उद्या सकाळची सहल चिंगी भिंगरीवरून नेईल," म्हणाल्या. "मागे सहा शिकाऊ. खाणीच्या उतारानं जा, छान वाट आहे."

त्या उतारावर भिंगरीचं रक्त उसळायचं. तिथं तिला फक्त दोन टॉक् खाली आणायचे, आणि तिथं काही कुंपण नव्हतं, ज्याच्याशी मास्तर उभे राहतील. जेवताना चिंगी रिंगणातली एकेक गोष्ट रंगवून सांगत होती आणि मास्तरांचा घास फिरत होता.

सकाळी चिंगीचा पाय रिकिबीत होता तेव्हा ते म्हणाले, "उतर."

"आता काय झालं?"

"उतर म्हणतो ना. काल तू नाही चालवलीस. मी चालवली, कुंपणाआडून." आणि जीभ, टाच, तीन वर्षं, सगळं ओकले, शिकाऊ मुलांदेखत.

मॅडमनी शांतपणे ऐकलं. "चिंगी, तू काढून बघ तो आवाज."

चिंगीनं टॉक् केलं. भिंगरी हलली नाही. मान वळवून तिनं मास्तरांकडे बघितलं.

मॅडमनी भिंगरीचं खोगीर उतरवायला घेतलं. शिव्या घातल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. बोलली ती चिंगी. "पंधरा दिवस मी स्वतःला नालायक समजत होते. आणि तू म्हणत होतास खांदे सैल सोड."

लांबच्या एका शाळेतला शिक्षक भिंगरीला पहिल्यापासून शिकवायला तयार झाला. अट एकच. मास्तरांनी तिकडे फिरकायचं नाही, तिला त्यांचा आवाजसुद्धा ऐकू येता कामा नये.

पंधरा दिवसांनी ट्रक आला. पोकळ वाजणाऱ्या फळीवर पाय ठेवायला भिंगरी घाबरायची, आजवर तिला मास्तरच चढवत आले होते. आज दोरी चिंगीच्या हातात होती. मास्तर गवताच्या कोठीमागे उभे राहिले. फळीवर खूर वाजायचे आणि परत मातीत उतरायचे. एकदा, दहादा. ड्रायव्हर वैतागला. एका टॉक्‌चं काम होतं. मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, तासभर.

मग चारी खूर फळीवर वाजले आणि मागचं फळकूट बंद झालं. मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना रडू आलं ते याचंच, की ती त्यांच्यावाचून चढली.

ट्रक गेल्यावर चिंगी कोठीमागे आली. त्या सकाळपासून ती मामाशी बोलली नव्हती.

"चढली," ती म्हणाली.

"कशानं?"

"कशानंच नाही. मी नुसती दोरी धरून थांबले. ती सारखी या कोठीकडे बघत होती रे मामा. बघून बघून दमली, मग चढली."

चिंगीनं त्यांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली आणि ती रिंगणाकडे गेली, मुलांचा वर्ग खोळंबला होता.