चिंधी बांधलेला डबा

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी अक्काला विचारलं, "यंदा काय आणू तुला?"

"साडी नको. साड्या लई झाल्या." ती ताट खाली ठेवत म्हणाली. "तू फोटो टाकीत असतो बघ, केक खाताना, संग कालेजातले लोक. तिथं ने मला."

अक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावात तिचं सासर, आणि आमचं घरही तिथून दोन गावं अलीकडे. मी नगरला एका ज्युनियर कॉलेजात शिकवतो. त्या दिवाळीत बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती, आणि अक्का तीन दिवस माझ्याकडे राहायला आली होती. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. ती कुणामुळे मिळाली हे मला नीट ठाऊक होतं, पण अक्काला मी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. या वेळी बोलायचं, असं मी ठरवलं. वाक्यसुद्धा तयार केलं होतं. वर्गात शिकवायला जाण्याआधी करतो तसं मनात दोनतीनदा म्हणूनही पाहिलं.

अकरावीला मी संगमनेरला गेलो. चार पोरांत एक खोली घेतली होती. मेस परवडण्यासारखी नव्हती, म्हणून आमचा डबा गावाकडून एस.टी.नं यायचा. आमच्या भागातली कितीतरी मुलं अशीच शिकली. सकाळच्या पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरशेजारी डबे रचलेले असायचे आणि संगमनेरच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीखाली ते उतरवले जायचे. सगळे डबे स्टीलचे, सारखेच. ज्यानं त्यानं ओळखीसाठी कडीला काहीतरी बांधलेलं असायचं. माझ्या डब्याला निळी चिंधी होती.

घरात आई शेतावर जायची, म्हणून डबा अक्का करायची. पहाटे उठून भाकरी थापायची आणि पाऊण तास चालत फाट्यावर येऊन कंडक्टरच्या हातात द्यायची. ती नववीपर्यंत शिकली होती. मग घरी कुणीतरी हवं म्हणून तिची शाळा थांबली, आणि माझी चालू राहिली. तीन वर्षं, तिचं लग्न होईपर्यंत, डबा एकदाही चुकला नाही. संध्याकाळच्या गाडीनं मी तो परत पाठवायचो. रिकामा. पुष्कळदा न धुता.

त्या फोटोंतल्या बेकरीत मी फोनवरून जागा सांगून ठेवली होती. तिथं शनिवार-रविवारी दुपारी चार ते सहा असा खास चहा असतो आणि दर महिन्याला त्याची कल्पना वेगळी असते, एवढंच मला माहीत होतं. एकदा मी गेलो तेव्हा सगळं आंब्याचं होतं. या महिन्याचं काय, हे मी विचारलंच नाही. दारात पोचलो आणि पाटी वाचली: 'शाळेचा डबा'.

आत टेबलांच्या जागी जुने बाक लावले होते. काय काय मिळेल ते पाटीवर खडूनं लिहिलं होतं. कोपऱ्यात पितळी घंटा टांगली होती आणि एक बाई हौसेनं ती वाजवून फोटो काढून घेत होती. जिची शाळा माझ्यासाठी सुटली, तिला मी नेमकं इथं आणलं होतं.

"अक्का, दुसरीकडं जाऊ. इथं गर्दी हाय."

"कुठाय गर्दी?" ती सरळ बाकावर जाऊन बसली. पदर सावरला, पुढचा बाक दोन्ही हातांनी हलवून पाहिला. "बाक बरा हाय. आमच्या शाळेतला डुगडुगायचा. बस की भावड्या, उभा काय ऱ्हातो? अंगठे धरायला लावलेत का तुला?"

मी बसलो. बेकरीची मालकीण स्वतःच ट्रे घेऊन आली. चाळिशीची, केसांना पीठ लागलेली, हसरी बाई. तिनं आमच्यापुढं चहाची किटली ठेवली आणि तीन पुडांचा स्टीलचा डबा ठेवला. कुठला डबा कुठल्या बाकाचा ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या कडीला वेगळ्या रंगाची फीत बांधली होती. आमची निळी होती.

अक्का फितीवरून बोट फिरवून हसली.

"तुझ्या डब्याला पण निळीच हुती."

"आठवतंय मला."

"माझ्या शाळेच्या स्कर्टाची हुती ती."

ती डबा उघडायच्या नादात होती. "आता शाळाच न्हाई म्हणल्यावर स्कर्ट काय पूजायचाय? फाडला. कापड लई चिवट. पावसात भिजलं, उन्हात तापलं, रंग म्हणून गेला न्हाई. तीन वर्सांत दोनदाच बदलली चिंधी."

तीन वर्षं रोज मी ती चिंधी पाहून डबा उचलला होता. घाईच्या दिवशी तिला धरून तो ओढलाही होता.

वरच्या पुडात बोटाएवढे काकडीचे सँडविच होते, मधल्यात छोटे वडापाव, खालच्यात नानकटाई आणि गूळ-शेंगदाण्याचा केक. अक्कानं सँडविच उलटसुलट करून पाहिलं. "याच्या कडा कुठं गेल्या?"

"कापून टाकतात."

"आणि करतेत काय त्यांचं?" हा प्रश्न तिनं मालकिणीलाच विचारला. कडा वाळवून त्यांचा चुरा करतो, असं मालकिणीनं सांगितल्यावरच अक्काला ते सँडविच गोड लागलं. केक तिला फार आवडला. ती सावकाश खात होती, मधूनमधून पाटीवरचं अक्षर वाचत होती. आताच सांगावं, असं मला वाटलं.

"अक्का, मला तुला एक सांगायचंय."

"सांग की."

"तू तेव्हा जे..." इतकं घोटलेलं वाक्य तिथंच अडलं.

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि बशी पुढं सरकवली. "चा गार व्हतोय. पी आदी."

डबा संपला तशी ती उठली, तिन्ही पुडं घेऊन बेसिनकडं गेली आणि धुवायला लागली. लोक बघत होते. मी पण बघतच राहिलो. मालकीण धावत आली, "अहो काकू, राहू द्या, आम्ही धुतो!" तोवर अक्का पुडं पदराला पुसत परत आलीसुद्धा. पर्समधून तिनं कागदात बांधलेले चार शेंगदाण्याचे लाडू काढले, खालच्या पुडात ठेवले आणि कडी लावली.

"पर्समध्ये लाडू?" मी विचारलं.

"शेरातलं खाणं. पोट भरंल का न्हाई, काय भरवसा?"

मालकिणीनं डबा उचलला आणि तिला तो जड लागला. उघडून ती म्हणाली, "काकू, तुमचे लाडू राहिले."

"राहिले न्हाईत, ठेवलेत. दुसऱ्याचा डबा रिकामा कसा द्यायचा?" मग माझ्याकडं मान वळवून, "ह्याला इचारा. ह्यानं तीन वर्सं रिकामा धाडला. चार बोरं टाकीत जा म्हणलं, तेवढं पण न्हाई."

मालकीण हसली. अक्का तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मीही हसलो, पण मान वर करता आली नाही. मालकिणीनं तिथंच उभ्या उभ्या अर्धा लाडू खाल्ला आणि गूळ कुठला म्हणून विचारलं. त्या दोघी गुळावर बोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काची गाडी होती. गावाहून अक्कानं ज्यातून लाडू आणले होते तो कडीचा डबा मोकळा होऊन ओट्यावर पालथा पडला होता. ती उठायच्या आत मी उठलो. पिठलं मला येतं. भाकरी मी जन्मात थापली नव्हती. तीन फाटल्या, चौथी तव्यावर चिकटली, पाचवी आणि सहावी कशाबशा भाकरीसारख्या दिसल्या. त्या आणि पिठलं डब्यात भरलं, वर दोन हिरव्या मिरच्या ठेवल्या.

स्टँडवर गाडीत ती खिडकीशी बसली तेव्हा मी डबा तिच्या हातात दिला. तिनं तो हातात तोलला.

"काय हाय यात?"

"बघ की."

तिनं झाकण काढलं. "तू थापल्या?"

"व्हय."

तिनं एक तुकडा मोडला, पिठल्याला लावून तोंडात टाकला. मी परीक्षेच्या निकालाला उभा असल्यासारखा खिडकीखाली उभा होतो.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. पण पुढचा घासही मोडला. कंडक्टरनं घंटी दिली. तिनं डोळे पुसले, झाकण दाबून बसवलं आणि पर्समधून काहीतरी काढलं. बेकरीतली निळी फीत. कधी सोडून घेतली होती कोण जाणे. ती तिनं कडीला दोन गाठी मारून बांधली.

"पुढच्या येळी मीठ बघून टाक," गाडी हलताना ती खिडकीतून ओरडली. "डबा धाडीन मी परत. रिकामा न्हाई धाडायची!"