पितळी, सहा

गृहविज्ञान शिकून बाहेर पडले आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये एका आहार-पाहणीत मला नोकरी लागली. काम म्हणजे लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन फॉर्म भरायचा. चूल कसली, जळण काय, धूर जायला वाट आहे का, पिण्याचं पाणी झाकलेलं असतं का, भांडी किती नि कुठल्या धातूची. त्यावरून घरांचे तीन गट पडत. सगळ्यात खालच्या गटातल्या मुलांना दवाखान्यातून दुधाची पावडर मिळे. हे मात्र घरच्यांना सांगायचं नाही, अशी साहेबांची ताकीद होती. सांगितलं तर लोक भांडी लपवतील, असं ते म्हणत.

गिंडीच्या कारखान्यांमागे ओळीनं एकेका खोलीची घरं होती. आदल्या दिवशी निरोप धाडून मी तिथल्या एका घरी गेले. दारातल्या बाईशी तमिळमध्ये बोलत होते, तेवढ्यात तिनं आतल्या मुलीला हाक मारली, ती मराठीत. आमचंच, तंजावरकडचं मराठी. मीही मराठीत बोलले तशी ती हसली.

"आमच्यातलीच की तू. ये, बस."

मी तिला अक्का म्हणू लागले. नवरा लेथवर कामाला होता, पण यंत्रात हात सापडल्यापासून घरीच होता. आमच्याकडे पाठ करून बसलेला. मुलगी चार वर्षांची, दिसायला दोनची. भिंत धरून चालत होती.

कोपऱ्यात मातीची चूल, जळणाला लाकडाचा भुसा. फळीवर मात्र चिंचेनं घासलेली पितळी भांडी मांडलेली. मोजायला म्हणून मी भाताची तपेली उचलली. काठावर तमिळमध्ये नाव कोरलं होतं. हंड्यावरही तेच. घरातल्या सगळ्यांची नावं मी नुकतीच फॉर्मवर लिहिली होती, त्यांत ते नव्हतं. चुलीशेजारच्या गोणपाटाखालून एका काळ्या मडक्याचा काठ दिसत होता.

अक्का माझ्याकडेच बघत होती.

"आईनं दिलेली," ती म्हणाली.

"छान आहेत," मी म्हणाले आणि लिहिलं, पितळी, सहा.

बस येईपर्यंत मी मनाला समजावत राहिले की एका बाईची अब्रू राखली. दुधाच्या यादीचा विचार मनात आला होता. तो मी बाजूला सारला.

दीड महिन्यानं दुधाची यादी लागली. मुलीचं नाव नव्हतं. दोन दिवस मला अन्न गोड लागेना. शेवटी अक्काकडे गेले आणि ताकीद मोडून सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"बाजूच्या मामीकडून आणली होती," ती म्हणाली. "बाहेरचं कुणी घर बघायला येणार, ते उघडं कसं दाखवायचं? तू नाव वाचलंस ना त्या दिवशी?"

"वाचलं."

"मग लिहिलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं असतं," ती म्हणाली. "एक दिवस वाटलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं सांगितलं. ते चिडले नाहीत. "डोळ्यांनी पाहून खोटं लिहिलंत," एवढंच म्हणाले. पुन्हा भेट द्यायला परवानगी दिली, पण माझ्याबरोबर दुसरी एक तपासनीस पाठवली. माझ्या एकटीच्या शब्दावर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

या वेळी अक्कानं स्वतःच गोणपाट काढलं. दोन मडकी, एक चेपलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं, एक पळी. बरोबरची तपासनीस प्रत्येक वस्तू उलटून बघे आणि मी लिहीत जाई. नवरा उठून बाहेर निघून गेला. अक्का माझ्याशी तमिळमध्येच बोलली, परक्या बाईशी अदबीनं बोलतात तशी. मी मराठीत विचारलं तरी उत्तर तमिळमध्ये.

दूध सुरू व्हायला आणखी दोन महिने गेले. मधे मुलगी खोकल्यानं बरीच आजारी होती, हे मला त्या शेजारच्या मामीकडून कळलं. पुढे एकदा दवाखान्याच्या रांगेत मायलेकी दिसल्या. मुलगी कडेवर होती. मी जवळ जाऊन विचारलं, "चालते का आता?"

"थोडी," अक्का तमिळमध्ये म्हणाली, आणि रांग सरकली तशी पुढे गेली.