आत्याला सुचवलेली सिरीज

आमची रस्त्याकडेची जमीन एका वेब सिरीजमुळे अडकली आणि ती सिरीज मी सुचवली होती.

हे आधीच सांगून टाकते. नातेवाईक ही गोष्ट रंगवून सांगतात तेव्हा माझं नाव अगदी शेवटी येतं, आणि तोपर्यंत समोरच्याने मला चांगली मुलगी समजून चहा दिलेला असतो. उगाच त्यांचा चहा वाया जातो.

मी लाजाळू आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची आणि घर रहाटणीतल्या जुन्या शेतकऱ्यांचं. शाळेत मराठी शब्द निसटला की दंड, घरी इंग्रजी शब्द निसटला की 'मॅडम आल्या!' म्हणून हशा. दोन्हीकडे गप्प बसणं सगळ्यात स्वस्त पडायचं. पुढे हिंजवडीत नोकरी लागली. तिथे कंपनीच्या कॅबमध्ये मी रोज दीड तास खिडकीकडे बघत बसते. ट्रॅफिक हलत नाही, मीही हलत नाही.

माझ्याशी लोक बोलतात ते एकाच कारणासाठी. "ए मना, काय बघू गं?"

हा प्रश्न मला टीमलीडपासून मावसबहिणीपर्यंत सगळे विचारतात. मग मी सुचवते. "पहिले दोन भाग सहन कर, तिसऱ्यापासून पकडते." माझ्या आयुष्यातलं हे सर्वात लांब वाक्य आहे आणि मी ते कुठल्याही सिरीजबद्दल बोलते. (निम्म्या मी पाहिलेल्याही नसतात. वर्णन वाचते, पोस्टर बघते आणि सुचवते. लग्नंसुद्धा अशीच जमतात.)

तर, जमीन. आजोबा गेल्यावर तिच्यावर पप्पांबरोबर सुमनआत्याचंही नाव लागलं. आत्या पप्पांची एकुलती एक मोठी बहीण, दिलेली चाकणकडच्या एका गावात. आता त्या तुकड्यावर बिल्डरला इमारत उभी करायची होती. पप्पांचा बेत असा, की आत्याने हक्कसोड द्यायचं. म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा कागदावर भावाला सोडून द्यायचा. त्या बदल्यात बहिणीला एक पैठणी, पोटभर पुरणपोळी आणि 'माझी बहीण लाखात एक!' हे वाक्य मिळतं. गावातल्या सगळ्या बहिणींना मिळालंय. कुणाची तक्रार नाही, कारण तक्रार करणारीला पुढच्या भाऊबीजेला ताट नसतं.

सोमवारी सही होती. शुक्रवारी आत्याला माहेरपणाला आणलं. पप्पांनी मला आत बोलावलं.

"मने, आक्काला रिकामं बसू देऊ नगंस. रिकामी बाई इचार करती."

"मी काय करू?"

"तुला कळतंय की त्या टीव्हीतलं. लाव कायतरी झ्याक. उठलीच न्हाई पायजे."

पप्पांनी माझ्यावर टाकलेली ही पहिली जबाबदारी! मी रात्रभर यादी काढली.

आत्याच्या अटी सोप्या होत्या. "मारामारी नगं, चुमाचाटी नगं. आन् रडारड तर अजिबात नगं, ती घरी हाय." मी हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीवरची एक विनोदी मालिका लावली. सेक्रेटरी पार्किंगसाठी स्वतःच्याच सासऱ्याला नोटीस देतो. आत्या हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. आईने पोळ्या लाटता लाटता दारातून दोन भाग पाहिले. पप्पा जेवताना म्हणाले, "पोरगी हुशार हाय माझी." मी मान खाली घालून वरण वाढून घेतलं आणि मनातल्या मनात घरभर नाचले.

इथे थांबायला हवं होतं. पण शनिवारी संध्याकाळी माझ्या दादाने डोकं चालवलं. (दादा जमिनीचे व्यवहार करतो. म्हणजे बुलेटवरून जमिनी बघत फिरतो.)

"मना, कॉमेडी बास. आता बहीण-भावाचं कायतरी इमोशनल लाव ना यार. सोमवारपर्यंत आत्याचं पार पाणी झालं पायजे."

मी शोधलं. 'एकच ताट.' पोस्टरवर तीन भाऊ, मधे एक बहीण, हातात राखी. वर्णन: 'एका ताटात जेवलेल्या भावंडांची काळजाला भिडणारी कहाणी.' मी पाहिली नव्हती. पोस्टर बघितलं आणि सुचवली.

पहिला भाग पाण्यात गेला, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांतल्या. पडद्यावरच्या भावाने झाडावरचा शेवटचा आंबा बहिणीला दिला तेव्हा आत्याने पदर डोळ्यांना लावला. पप्पा खरोखरच हुंदके देत होते. "आक्का, तू मला अशीच कडेवर घिऊन विहिरीवर न्यायचीस..."

"व्हय रं बाळा."

दादाने मला अंगठा दाखवला.

दुसऱ्या भागात भावंडांचा बाप वारला. तिसऱ्यात भावांनी बहिणीला माहेरी बोलावलं. पुरणपोळी वाढली. मग मोठा भाऊ आत गेला आणि एका हातात कागद, दुसऱ्या हातात पैठणी घेऊन बाहेर आला.

हिरवी पैठणी. पदरावर मोर.

आईने टीव्हीकडे बघितलं, मग कपाटाकडे बघितलं, मग पप्पांकडे बघितलं. पप्पांच्या हातातला पोळीचा घास तसाच राहिला.

"मने," ते माझ्या कानाशी आले, "बंद कर! नेट गेलंय म्हण!"

"आत्या, नेट गेलंय," मी म्हटलं. पडद्यावर भाऊ छान बोलत होता.

दादाने सोफ्यामागे हात घालून राउटरची वायर उपटली. चित्र गोठलं. आत्या शांतपणे म्हणाली, "मनूच्या मोबाइलवर असतंय की नेट. तिकडनं जोड. आमची सूनबाई जोडती."

"आत्या, दुसरी एक मस्त हलकीफुलकी आहे, कुत्र्याची..."

"जेवणावरनं आन् गोष्टीवरनं अर्ध्यात उठू न्हाई, बाय."

जोडलं. बहिणीने पडद्यावर सही केली. पाचव्या भागात ती नवऱ्याच्या आजारपणात भावांच्या दारात आली, तर वहिनीने आतून कडी घातली. आठव्या भागात ती कोर्टात उभी राहिली आणि वकीलबाई कडाडली, "बापाच्या जमिनीत लेकीचा हिस्सा लेकाएवढाच असतो!"

"थांबव," आत्या म्हणाली.

मी थांबवलं. वकीलबाई तोंड उघडं ठेवून उभी राहिली.

"मनू, हे खरं हाय का गं?"

"आत्या, सिरीज आहे ती," दादा घाईने म्हणाला. "सुरुवातीलाच लिहून येतं बघ, सगळं काल्पनिक."

"माणसं असत्याल काल्पनिक. कायदा बी काल्पनिक हाय व्हय? तुला न्हाई इचारलं. शिकल्याली पोरगी बसलीया हितं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पप्पांच्या नजरेत मला गेल्या दोन दिवसांचं सगळं कौतुक परत मागितलेलं दिसलं.

"खरं आहे," मी म्हटलं.

"काय? मला कमी ऐकू येतं. मोठ्यांदा बोल!"

लाजाळू माणसाची हीच पंचाईत असते. हळू बोललं की परत बोलावं लागतं, आणि परत बोलताना अंदाज चुकतो. "खरं आहे!!" मी ओरडले. "समान हक्क असतो!!" शेजारच्या काकूंनी खिडकी उघडली. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. जन्मापासूनची शिल्लक मी एका वाक्यात खर्च केली, तीही पप्पांच्या विरोधात.

आत्याने आठवा भाग संपवला आणि झोपायला गेली. सोमवारी सकाळी तिने आंघोळ केली, आईने कपाटातून काढून दिलेली पैठणी नेसली, देवाला नमस्कार केला. पप्पांच्या जिवात जीव आला. रजिस्ट्रार ऑफिसात फोटो, अंगठा, साक्षीदार सगळं तयार. क्लार्कने नेहमीप्रमाणे विचारलं, "आजी, कागद वाचलाय ना? स्वखुशीने सही करताय?"

"अजून चार भाग राहिल्यात," आत्या म्हणाली. "ते बघून सांगते."

आणि ती तिथूनच रिक्षाने चाकणच्या गाडीला गेली. पैठणी अंगावरच होती, त्यामुळे परत मागता येईना.

खरा छळ त्यानंतर सुरू झाला. उरलेले भाग आत्या आमच्याच अकाउंटवर बघत होती! (लॉगिन मीच करून दिलं होतं, माहेरपण म्हणून.) आमच्या टीव्हीवर 'एकच ताट'च्या चित्राखाली लाल रेघ दिसायची, आत्या कुठवर आली त्याची. पप्पा कंपनीतून आले की बूट न काढता विचारायचे, "सरकली का?"

"दहाव्यात अर्ध्यावर आहे," आई म्हणायची.

"थांबली म्हन्जी कटाळली असंल."

"मळणी चालू असेल त्यांच्याकडे."

दादा म्हणाला, "पासवर्ड बदल!" मी 'हो' म्हटलं आणि बदलला नाही. माझ्या आयुष्यात मी केलेलं बंड एवढंच, आणि त्यालाही काही करावं लागलं नव्हतं.

एका रविवारी रेघ शेवटपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला. "बाळा, मला माझा हिस्सा पायजे. भांडण नगं. इमारतीत एक फ्लॅट दे, बाल्कनी रस्त्याकडची."

पुढचे कित्येक महिने घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. आधीही फारसं बोलत नव्हते, पण आता ते जाणवून देत होते. टीव्ही लावताना दादा मोठ्याने म्हणायचा, "कुणाला विचारू नका रे, घर जाईल!" ऑफिसात मात्र मी ही गोष्ट सांगितली. त्यात मी ओरडत नव्हते, ठाम आवाजात बोलत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टीमलीड म्हणाली, "यू आर सो ब्रेव्ह!" मला ते पटलंसुद्धा.

शेवटी आत्याला फ्लॅट द्यायचं ठरलं. मग बिल्डरचा वकील म्हणाला, मुलीचंही हक्कसोड लागेल. म्हणजे माझं.

त्या रात्री जेवताना आईने माझ्या ताटात पुरणपोळी वाढली. सण नव्हता. पप्पा माझ्याशेजारी बसले, रिमोट माझ्या हातात दिला आणि इतक्या महिन्यांनी विचारलं, "मने, काय बघायचं गं आज?"

मला कळलं. अर्थात कळलं, मी तिसरा भाग पाहिला होता! तरी डोळ्यांत पाणी आलं. मी सोसायटीच्या सेक्रेटरीवाली लावली आणि सगळे हसले.

सोमवारी मी रजिस्ट्रार ऑफिसात होते. पैठणी जांभळी. (आईने या वेळी रंग बदलला होता.) तोच क्लार्क.

"मॅडम, कागद वाचलाय ना? स्वखुशीने?"

"हो," मी म्हटलं.

"काय? मोठ्यांदा बोला."

"हो!!" मी ओरडले. रांगेतल्या माणसांनी वळून बघितलं. या खेपेला पप्पांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरगी लाखात एक हाय माझी."

घरी येते तोच आत्याचा फोन. तिला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. आवाजात नुसता उत्साह.

"मनू, त्या 'एकच ताट'चा शेवट बघितलास का गं?"

"नाही आत्या. राहिला."

"अगं, बघ की! ती जिंकती. मी सांगते म्हणून बघ. पयले दोन भाग सहन कर, तिसऱ्यापासनं पकडती."

"हो आत्या," मी साडीच्या पिना काढत म्हटलं, "लिस्टमध्ये टाकलीय."