पाटणला उतरायचं कुठं

मी सातवीच्या मुलींना रोम शिकवत असे. शिकवत असे म्हणजे काय, तर पुस्तकातलं एक चित्र दाखवत असे. अर्धवट पडलेले खांब, मधे वाढलेलं गवत, आणि खाली छापलेली एक ओळ. जळगावच्या मुलींच्या शाळेत लागून मला चार वर्षं झाली होती, स्वातंत्र्याला आठ-नऊ, आणि माझं तोंड तेव्हाही आजच्याइतकंच चालायचं. एके दिवशी मी त्या खांबांचं असं रसभरीत वर्णन केलं की जणू परवाच बघून आले. मागच्या बाकावरची एक केळीबागायतदाराची पोरगी उभी राहिली.

"बाई, तुम्ही हे पाहिलंय का?"

म्हटलं, नाही.

"मग आपल्याकडं असं जुनं पडकं काही आहे का? ते तरी पाहिलंय का?"

वर्ग खो खो हसला. मी तिला खाली बसवलं, पण बोचलं ते बोचलंच. चाळीसगावपासून दहा-अकरा मैलांवर डोंगराच्या कुशीत पाटण आहे. काळ्या दगडाचं देवीचं देऊळ, त्याच्या अलीकडं एक मोडकं महादेवाचं देऊळ, वर कड्यात कोरलेली लेणी. मला हे सगळं तोंडपाठ होतं, आणि मी एकदाही तिकडं गेले नव्हते. रोम राहू द्या, निदान पाटण तरी बघू, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

संक्रांतीनंतर दोन सुट्ट्या जोडून येत होत्या. आमच्या चित्रकलेच्या बाई माझ्याबरोबर यायला एका पायावर तयार झाल्या. आता प्रश्न एकच राहिला, उतरायचं कुठं? दोन बायकांनी, बरोबर पुरुषमाणूस नसताना, परगावी मुक्काम कुठं करायचा हे त्या काळी रोमच्या इतिहासापेक्षा अवघड होतं. शिक्षकांच्या खोलीत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे, देवळाची धर्मशाळा आहे की. त्यावर दुसरी म्हणे, छे, तिथं चुलींचा धूर, आणि दाराला धड कडी नाही. कुणी सांगितलं, पायथ्याशी सरकारी बंगला आहे, वरच्या साहेबाची चिठ्ठी मिळवली तर खोली मिळते. चिठ्ठी मिळवून देणारी ओळख निघाली, आणि माझं मन बंगल्यावर बसलं.

चाळीसगावातच माझी सख्खी थोरली बहीण दिलेली होती.

आता तुम्ही म्हणाल, मग एवढा काथ्याकूट कशाला? तेच सांगते. अक्काचं सासर म्हणजे कपाशीवाल्या शेतकऱ्याचं मोठं खटलं, आणि ती घरातली धाकटी सून. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पदरी मूल नव्हतं. आमचे आईवडील गेलेले, भाऊ नाही. तिचं माहेर म्हणजे मी एकटी. तिच्याकडं मी एकदाच राहिले होते, नोकरीच्या आधी. तेव्हा पहाटे जात्याच्या आवाजानं जाग आली. बघते तर अक्का एकटीच दळत बसलेली, कारण घरात पाहुणी आलेली, म्हणजे मी! तो आवाज माझ्या कानातून गेलाच नाही. आपल्यापायी तिला पुन्हा कष्ट नकोत, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. आणि दुसरंही एक सांगून टाकते, आता या वयात लपवून काय करायचं? मला बंगल्यात राहायचं होतं. व्हरांड्यात खुर्ची टाकावी, चहा प्यावा, डोंगर बघावा. नोकरी करणारी बाई होते ना मी!

आणि मग मी तो शहाणपणा केला. अक्काला कार्ड टाकलं. 'आम्ही दोघी पाटण बघायला येत आहोत. तुला त्रास नको, बाहेरच उतरू. धर्मशाळा बरी की सरकारी बंगला बरा, हे तिकडच्या माणसांना विचारून कळव. परतताना तुला भेटून जाईन.'

आमच्या खान्देशात थोडी तरी अक्कल असलेलं माणूस असं करणार नाही. जिच्या दारात उतरायचं, तिलाच विचारायचं की दुसरीकडं कुठं उतरू! तेही उघड्या कार्डावर. त्या घरात टपाल आलं की थोरले दीर ओसरीवर बसून मोठ्यानं वाचतात, हे मला माहीत होतं. माहीत असून लिहिलं. शिकलेल्या माणसाचं डोकं कधी कधी असंच चालतं.

आठ दिवसांत उत्तर आलं, अक्काच्या स्वतःच्या हातचं. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर भुईमुगाच्या शेंगांएवढं. 'धर्मशाळेत उतरू नको. बंगला बरा शे. दोन खाटा शेतस. विहिरीचं पाणी गोड शे. दाराला आतून कडी शे, चांगली लागते. सकाळी थंडी फार पडते, अंगावर जाड आणजो.' बस, एवढंच.

मी खूश! शिक्षकांच्या खोलीत कार्ड सगळ्यांना दाखवलं. "बघा, आमच्या अक्कानं कसं नीट कळवलंय," असं चारचौघींत मिरवलं. 'घरी ये' असं त्यात कुठंच नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही चाळीसगावला गाडीतून उतरलो. स्टेशनाबाहेर एक म्हातारा बैलगाडीवाला उभा होता. माझ्याकडं निरखून बघत पुढं आला.

"तुमी धाकल्या वहिनीनी बहीण शेतस ना? जळगावन्या शाळामधल्या बाई?"

हो म्हटलं.

"वहिनीसनी माले बठ्ठं सांगेल शे. तुमले बंगलावर लई जावानं."

अक्कानं गाडीसुद्धा सांगून ठेवली होती. आम्ही बसलो. वाटेत म्हातारा बोलू लागला. अक्काच्या घरचा माल तोच वाहायचा, आणि पाटणकडंही त्याच्या खेपा असायच्या. अक्का त्याच्या दारी दोनदा गेली होती. बंगल्यात खाटा किती, पाणी कसं आहे, चौकीदार माणूस बरा आहे का, सगळं खोदून खोदून विचारलं. दाराच्या कडीचं तर तीनदा. हा म्हणाला, मी काही कडी लावून बघितली नाही. तर म्हणाली, पुढच्या खेपेला लावून बघा आणि मला येऊन सांगा. त्यानं तसं केलंही. ऐकून मी हसले. अक्का लहानपणापासून अशीच, असं चित्रकलेच्या बाईंना कौतुकानं सांगितलं.

म्हातारा बैलांकडं बघतच म्हणाला, "पन बाई, वहिनीनी तर खोली सारवी ठेवेल व्हती."

"कसली खोली?"

मग हळूहळू निघालं. दिवाळीच्या पत्रात मी लिहून बसले होते, की संक्रांतीनंतर पाटण बघायला तिकडं यायचं म्हणते. तेवढ्यावर अक्कानं सासूकडून माजघराशेजारची खोली मागून घेतली. सारवली, नव्या गोधड्या शिवल्या. 'मन्ही बहीण येणार शे' म्हणून अख्ख्या गल्लीत सांगितलं. आणि मग माझं कार्ड आलं. ते वाचलं गेलं तेव्हा हा म्हातारा ओसरीवरच बसलेला. सासू सगळ्यांसमोर म्हणाली, हिचं माहेर धर्मशाळेत उतरतं. दुसऱ्या दिवशी याच्या दारी येऊन अक्कानं विचारलं, बंगल्यात खाटा किती आहेत?

अकरा वर्षांत तिच्या माहेरचं एकच माणूस एकदा त्या घरी राहिलं होतं. मूल नसलेल्या सुनेला त्या घरात उभं राहायला जागा केवढी, आणि मी तीही काढून घेतली होती. कशासाठी? तर म्हणे तिला त्रास नको!

"गाडी फिरवा," मी म्हटलं.

"अन् बंगला?"

"बंगला गेला खड्ड्यात."

चित्रकलेच्या बाई मांडीवर कागदांची गुंडाळी धरून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "चला."

अक्काची सासू ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "या. बंगला सोडीसन आमना घर कशा वाट चुकनात?"

उत्तरं माझ्या जिभेवर रांग लावून उभी होती. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मी ती गिळली. वाकून पाया पडले. "मावशी, चुकलं माझं. चार बुकं शिकले आणि अक्कल कमी पडली. मी आज इथंच उतरणार. हाकलून दिलंत तरी ओसरीवर बसून राहीन." हे मी मुद्दाम मोठ्यानं बोलले, कारण शेजारच्या भिंतीवरून तीन डोकी बघत होती.

अक्का आतल्या दारात उभी होती, हात पिठात भरलेले. म्हणते काय, "अगं, तुझी बंगल्याची चिठ्ठी वाया जाईल ना!"

म्हातारीनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग आत बघून खेकसली, "उभी काय राहस? बहीणले पाणी दे."

त्या दिवशी अक्कानं खापरावरचे मांडे केले. मी तिला 'राहू दे, दमशील' असं एकदाही म्हटलं नाही, एवढी अक्कल मला दुपारपर्यंत आली होती. गल्लीतल्या बाया एकेक करून येऊन गेल्या. अक्का प्रत्येकीला सांगत होती, "मन्ही बहीण. शाळामा शिकाडस." न विचारणारीलाही सांगत होती. मी त्या सारवलेल्या खोलीत नव्या गोधडीवर नवरीसारखी बसून होते, आणि मला लाज वाटत होती आणि आनंदही होत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी सासूला म्हटलं, "अक्कालाही पाटणला नेऊ का?" बंगल्यात उतरले असते तर हे मागायची माझी टाप झाली नसती. पण जे माणूस घरात राहिलं, जेवलं, त्याचं मागणं मोडायचं नाही, असा त्या घराचा रिवाज. म्हातारी मुठीतल्या शेंगा टोपलीत टाकून म्हणाली, "आते नाही कशी म्हनू? लई जा. दिवस बुडाना आत लई या."

एवढ्या जवळ राहून अक्का पाटणला एकदाच आली होती, नवी नवरी असताना, देवीच्या पाया पडायला. पदर हनुवटीपर्यंत. "पुढच्या बाईच्या टाचा तेवढ्या दिसल्या," म्हणाली. या खेपेला तिनं पदर मागं सारून सगळं बघितलं. मोडक्या महादेवाच्या देवळापाशी चित्रकलेच्या बाई चित्र काढायला बसल्या. अक्का पडलेल्या खांबांवरून हात फिरवत हिंडली. मी देवीच्या देवळातल्या शिलालेखाबद्दल काहीबाही सांगत होते. तिनं मधेच विचारलं, "तो बंगला कोणता गं?"

आम्ही तिकडं गेलो. चौकीदाराला चिठ्ठी दाखवली, त्यानं खोली उघडून दिली. अक्कानं आधी खाटा मोजल्या. मग विहिरीचं पाणी शेंदायला लावलं, ओंजळीनं प्यायली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "गोड शे." मग ती खोलीत गेली आणि दार आतून लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मग खांद्यानं दार ढकलल्याचा. एकदा, दोनदा.

"अक्का, काय करतेस?"

"बघते. तुला लिहिलं होतं ना मी, चांगली लागते म्हणून. मी तर लोकांचं ऐकून लिहिलं. नसती लागली तर? तुम्ही दोघी बायका."

ज्या व्हरांड्यात बसून चहा प्यायचं मी स्वप्न बघितलं होतं, त्याच व्हरांड्यातल्या खुर्चीत मी मटकन बसले आणि पोरीसारखी रडले. घरात तिला मान खाली घालायला लावणारं कार्ड मी लिहिलं, आणि त्या कार्डाचं उत्तर देताना तिला माझ्या दाराच्या कडीची काळजी होती.

कडी निघाली. अक्का बाहेर आली, पदरानं हात पुसत.

"लागते गं," म्हणाली. "खोटं नव्हतं लिहिलं मी."