संदीपने कोणाला मत दिलं?

"बाई, बटण मी दाबतो ना त्याच्याऐवजी. त्याला काय समजतंय त्यातलं?"

"मग ते तुमचं दुसरं मत होईल, भाऊ," मी म्हटलं.

संदीपचे वडील दिंडोरीला ट्रॅक्टर दुरुस्त करतात. तिशीचा संदीप आमच्या नाशिकच्या कार्यशाळेत उदबत्त्या पॅक करतो. मी तिथली शिक्षिका. त्याच्या दिव्यांग सर्टिफिकेटवर आयक्यू, म्हणजे बुद्ध्यांक, लिहिलाय, बराच कमी. मतदार यादीत तसला रकाना नसतो, हे मी वडिलांना चांगलंच ऐकवलं.

"एकदा नेऊन बघतो," ते म्हणाले. "गोंधळ घातला, तर पुन्हा नाय नेणार."

मग कार्यशाळेत आम्ही मॉक पोल, म्हणजे लुटुपुटूचं मतदान घेतलं. खोक्याचा आडोसा केला. उमेदवार तीन: शेव, केळं, लाडू. संदीप आडोशामागे गेला आणि तिथेच रमला. पंखा फिरत होता, चंदनाचा वास दरवळत होता, सगळ्यांचे डोळे जड झाले होते. ही दुपार अशीच राहिली तरी चालेल, असं मलाही वाटलं. शेवटी आतून आवाज आला, "लाडू!"

"ओरडायचं नाही रे. गुपित असतं ते."

"गुपित म्हणजे?"

इथे मात्र मी अडकले. त्याचे खिसे आई तपासते. न्हाणीच्या दाराची कडी घरच्यांनी काढून टाकलीय, त्यामुळे अंघोळही उघड्या दारानेच. आजवर त्याच्याकडे गुपित असं नव्हतंच. मला फार वाईट वाटलं.

"जे फक्त तुझं असतं ते," मी म्हटलं. दिवसभर तो तेच पुटपुटत राहिला.

मतदानाच्या सकाळी द्राक्षबागांवर धुकं होतं. दिंडोरीच्या शाळेत मी मुद्दाम गेले. अधिकाऱ्यांनी वडिलांना दारातच थांबवलं. संदीप एकटा आत गेला. आडोशावरून त्याचं डोकं तेवढं दिसत होतं, आणि ते हलत नव्हतं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेरच्या धुक्याकडे. मग मशीन लांबलचक वाजलं. मत पडलं होतं.

"कुणाला दिलं रं?" बाहेर येताच वडिलांनी विचारलं.

संदीप नुसता हसला.

"मिसळ खाऊ घालतो. सांग."

त्याने मिसळ खाल्ली, वर रस्सा मागून घेतला, आणि सांगितलं नाही.

दोन दिवसांनी वडिलांचा फोन आला. "बाई, न्हाणीचं दार आतून दाबून धरतो आता. म्हणतो, फक्त माझं हाय." मग म्हणाले, "कडी बसवतोय."

आता मतदानाबद्दल पालक विचारायला आले, की मी आधी घरातल्या कडीची चौकशी करते.