गुडघ्यातली सुई

ते प्रकरण आठवलं की आजही जेवण गोड लागत नाही. तेव्हा मी भिलाईत ठाणेदार होतो. शिपायांची सकाळची गणती आटोपून बसलो, तोच रुआबांधा वस्तीतली एक बाई आली. नवरा पोलादाच्या प्लांटमध्ये होता, तो वारलेला. एकुलता मुलगा फुटबॉल खेळायचा. एजंट त्याला ट्रायलसाठी परराज्यात घेऊन गेला आणि एकटाच परतला.

"साहेब, पोरगा फोन उचलून नाही राहिला. मले एवढंच सांगा, जित्ता हाये का तो?"

पोरगा बेपत्ता असल्याची, गुमशुदगीची नोंद करवली आणि एजंटला उचलून आणलं. दुर्गचाच मराठी माणूस. स्वतः खेळाडू, पण जन्मभर या क्लबातून त्या क्लबात. दुसऱ्या हंगामाला कोणी ठेवून घेतलं नाही. स्वतःचे पाय थकले तेव्हा दुसऱ्यांचे विकायला लागला, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"मले काही माहीत नाही साहेब," एवढंच पालुपद. माझं डोकं तापलं. हवालदार ओरडला, "जमिनीवर बस!" तो भिंत धरून कसाबसा टेकला, पण उजवा पाय लांबच.

"पाय मोड की! हे काय घर आहे तुझं?"

"मोडत नाही साहेब. ट्रायलच्या आधी गुडघ्यात सुई घ्यायचो. दुखणं कळत नाही, धावता येते. सगळेच घेतात..." आणि तो थबकला.

"त्या पोरालाही दिलीस?"

तो ढसाढसा रडायला लागला. आरोपींचं रडणं मी पुष्कळ पाहिलंय, बहुतेक नाटकी. हे नव्हतं. पोराचा गुडघा आधीच दुखावलेला. सुईच्या जोरावर उतरला आणि मैदानातच कोसळला.

"आईले तोंड दाखवत नाही म्हणे. मले शपथ घातली. इथं जवळच, उतई गावात खोली घेऊन ठेवलं त्याले."

आईला घेऊन उतईला गेलो. पोरगा खाटेवर, मांडीपासून प्लास्टर.

"कावून लपला रे माह्यापासून? पायाचं पाहू, तू तं हायेस ना!" तिनं त्याला कवटाळलं. खेळ कायमचा संपला, हे डॉक्टरांनी एजंटला सांगितलं होतं. पोराला कोणीच सांगितलं नव्हतं.

गुन्हा दाखल केला, आणि ते योग्यच झालं. पण ज्या गोष्टीनं आपली वाट लागली, तीच गोष्ट माणूस दुसऱ्याला भल्याची समजून देतो, हे मला त्या खोलीत कळलं. फार वाईट वाटलं.

शिपाई एजंटला बाहेर नेऊ लागला, तेव्हा पोरानं हाक मारली, "भैया, पुढची ट्रायल कधी हाये?"

एजंटनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या माउलीकडे.

"तू बरा तर हो आधी. नेतो तुले."

खोटं पकडणं हीच माझी नोकरी. ते मात्र मी तसंच राहू दिलं.